मुक्तिबोधांचा अखेरचा आजार : क्षयसंशोधनाचा इतिहास आणि वाङ्मयीन चरित्राची कालगणना

गजानन माधव मुक्तिबोध यांचे ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत निधन झाले. मृत्यूचे कारण क्षयजन्य मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांना झालेला क्षयजंतूंचा संसर्ग, हे होते. हिंदी वाङ्मयेतिहासात हे वाक्य बहुधा येते; पण ते येते आणि लगेच बाजूला पडते. त्याची जागा दुसरेच एक कथन घेते. दारिद्र्याने पिचलेला, प्रकाशकांनी दुर्लक्षिलेला, ज्याचे पाठ्यपुस्तक सरकारने बंद केले असा एक कवी हळूहळू विझत गेला आणि ज्या व्यवस्थेविरुद्ध तो लिहीत होता तिनेच अखेर त्याचा बळी घेतला, असे ते कथन आहे. त्यातील तपशील खोटे नाहीत. मात्र त्यांची मांडणी अशी होते, की मुक्तिबोध क्षयाने झिजून गेलेल्या कवींच्या एका जुन्या परंपरेत जाऊन बसतात. कालदृष्ट्या ते त्या परंपरेत बसत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. आणि ते तपासण्यासाठी वाङ्मयाच्या कालपटाशेजारी क्षयसंशोधनाचा कालपट मांडून पाहावा लागतो.

हा प्रश्न मराठी अध्यासनाच्या ग्रंथात का यावा, याचे उत्तर सरळ आहे. मुक्तिबोधांची घरची भाषा मराठी होती. त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहू लागले, ‘नवी मळवाट’चे कवी आणि ‘क्षिप्रा’चे कादंबरीकार म्हणून प्रतिष्ठित झाले, थोरल्या भावाने हिंदी निवडली. १९४३ साली अज्ञेयांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’मधील सात कवींपैकी मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे मातृभाषेने मराठी होते, ही गोष्ट हिंदीत सहज सांगितली जाते आणि मराठीत सहज विसरली जाते. नागपुरात दहा वर्षे काढल्यावर १९५८ मध्ये मुक्तिबोध राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात हिंदीचे प्राध्यापक म्हणून आले. पूर्वीच्या संस्थानिकांचा राजवाडा, दोन बाजूंना दोन तलाव, आणि वाड्याच्याच एका भागात कुटुंबाचे बिऱ्हाड, असे हे ठिकाण. राजनांदगाव तेव्हा दुर्ग जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९७३ मध्ये. म्हणजे आज दुर्ग-भिलाईच्या मोहन नगरसारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मुक्तिबोधांचे राजनांदगाव हे रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासाचे, आणि त्या काळाच्या हिशेबाने आपल्याच जिल्ह्यातले गाव आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून मध्य प्रांतापर्यंत, आणि पुढे लोहमार्ग व भिलाईच्या पोलाद कारखान्यामुळे, या पट्ट्यात मराठी माणसाची ये-जा सतत राहिली. मुक्तिबोध हे त्या ये-जेतील एक नाव आहे. त्यांचा आजारही याच भूमीवर सुरू झाला.

आता परंपरेकडे. क्षयाला भारतीय वाङ्मयात राजयक्ष्मा हे नाव आहे, आणि नावाच्या मुळाशी एक कथा आहे. दक्षाच्या सत्तावीस कन्यांपैकी एकट्या रोहिणीवर लुब्ध झालेल्या चंद्राला सासऱ्याच्या कोपाने हा रोग जडला; राजा सोमाला प्रथम झाला म्हणून तो राजयक्ष्मा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ही कथा रोगवर्णनाच्या आरंभीच येते. कालिदासाच्या ‘रघुवंशा’चा अखेरचा राजा अग्निवर्ण याच रोगाने जातो, आणि तेथेही कारण अतिभोगाचे आहे. संस्कृत परंपरेत क्षय हा अशा रीतीने ऐश्वर्याचा आणि असंयमाचा रोग ठरतो. एकोणिसाव्या शतकातील युरोपने त्याला उलट अर्थ दिला: १८२१ मध्ये कीट्स गेल्यानंतर तो तरल, बुद्धिमान आणि अल्पायुषी प्रकृतीचे चिन्ह बनला. विसाव्या शतकात पुरोगामी साहित्याने त्याला तिसरा अर्थ दिला, तो दारिद्र्याचा आणि अन्यायाचा. मुक्तिबोधांविषयीचे रूढ कथन या तिसऱ्या अर्थाचे आहे. पण त्याचा सूर मात्र पुष्कळदा दुसऱ्या, स्वच्छंदतावादी परंपरेतून उसना घेतलेला असतो. सुझन सोंटॅग यांनी १९७८ मध्ये रोगांवर लादलेल्या रूपकांवर जो आक्षेप घेतला, तो नेमका याच सरमिसळीवर होता. रूपक रोग्याला मोठे करते आणि रोगाला अदृश्य करते.

भारतीय भाषांतील काही मृत्यू एका रांगेत ठेवले म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या, वय एकवीस. रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखविला तो २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेस निघण्यापूर्वीच. ज्या शास्त्राची पदवी त्यांनी मिळविली त्याला त्यांच्या रोगाचे कारण ठाऊक होते, उपाय ठाऊक नव्हता. जयशंकर प्रसाद १९३७ मध्ये काशीत याच रोगाने गेले. बंगालीतील सुकांत भट्टाचार्य १३ मे १९४७ रोजी, एकविसावे वर्षही पुरे होण्याआधी गेले; मल्याळममधील चंगम्पुळा कृष्ण पिळ्ळै १९४८ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेले. या साऱ्यांच्या बाबतीत वैद्याजवळ विश्रांती, हवापालट, पौष्टिक अन्न आणि फुप्फुसाला दाबून ठेवणाऱ्या काही क्लेशकारक शस्त्रक्रिया, याखेरीज फारसे काही नव्हते. सुकांत आणि चंगम्पुळा यांच्या वेळी स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागलेला होता, पण तो भारतातील सामान्य रुग्णाच्या आवाक्यातला नव्हता. इंग्रजीत याच सीमारेषेवर जॉर्ज ऑरवेल उभा आहे. १९४८ मध्ये स्कॉटलंडमधील रुग्णालयात त्याच्यासाठी अमेरिकेहून स्ट्रेप्टोमायसिन मागविण्यात आले. औषधाची तीव्र प्रतिक्रिया आली, ते थांबवावे लागले, आणि जानेवारी १९५० मध्ये तो गेला.

मुक्तिबोध या रांगेत नाहीत. ऑरवेल आणि त्यांच्यामध्ये १९५२ हे वर्ष आहे. त्या वर्षी आयसोनिआझिड हे औषध उपलब्ध झाले. ते गोळीच्या रूपात घेता येत होते, स्वस्त होते, आणि मुख्य म्हणजे रक्तातून मेंदूच्या भोवतालच्या द्रवात सहज उतरत होते. १९६४ मध्ये मुक्तिबोध आजारी पडले तेव्हा क्षयावर, आणि क्षयजन्य मेनिंजायटिसवरही, खराखुरा उपचार अस्तित्वात येऊन बारा वर्षे झाली होती. त्यांचा मृत्यू औषधपूर्व काळातील शोकांतिका म्हणून वाचणे हा कालविपर्यास आहे. औषध असूनही मृत्यू येतो तेव्हा प्रश्न बदलतो.

तो प्रश्न समजण्यासाठी या विशिष्ट रोगाची घडण थोडी विस्ताराने पाहिली पाहिजे. एडिनबरोच्या रॉबर्ट व्हिट याने १७६८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मुलांच्या ‘मेंदूतील जलोदरा’चे जे वर्णन केले, ते या रोगाचे पहिले नीट वर्णन मानले जाते. १८९१ मध्ये हाइनरिख क्विंके याने पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढण्याची पद्धत प्रचारात आणली आणि जिवंत रुग्णात निदान शक्य झाले. १९३३ मध्ये आर्नल्ड रिच आणि हॉवर्ड मॅक्कॉर्डक यांनी शवविच्छेदनांच्या आधारे दाखविले, की जंतू रक्तातून थेट आवरणावर हल्ला करीत नाहीत. पूर्वीच कधीतरी मेंदूत किंवा आवरणालगत एखादी बारीक गाठ तयार झालेली असते, ती महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, निपचित राहते, आणि फुटली म्हणजे जंतू भोवतालच्या द्रवात उतरतात. पुढे मेंदूच्या तळाशी एक दाट, चिकट स्राव साठतो. त्या स्रावातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या सुजतात, अरुंद होतात, बंद पडतात; ज्या भागाला रक्त मिळत नाही तो निकामी होतो आणि शरीराची एक बाजू लुळी पडते. द्रवाचा मार्ग तुंबला तर मेंदूतील पोकळ्या फुगतात आणि रुग्ण गुंगीत जातो.

ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने १९४८ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीच्या निमित्ताने या रोगाच्या तीन अवस्था ठरविल्या. त्या आजही थोड्याफार फरकाने वापरात आहेत. पहिल्या अवस्थेत बारीक ताप, डोकेदुखी, अन्नावरची वासना जाणे, चिडचीड, थकवा. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो आणि कामही करीत असतो. दुसऱ्या अवस्थेत गोंधळ, डोळ्यांच्या वा चेहऱ्याच्या नसांची दुर्बलता, अंगावरून वारे जाणे. तिसरी अवस्था बेशुद्धीची. पहिल्या अवस्थेत औषध सुरू झाले तर बहुतेक रुग्ण वाचतात. तिसऱ्या अवस्थेत सुरू झाले तर बहुतेक जातात, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळांना कायमचे अपंगत्व येते. या रोगात औषधाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, निदानाच्या तारखेला महत्त्व असते. आणि निदान अवघड आहे. कण्यातून काढलेल्या पाण्यात जंतू इतके विरळ असतात, की सूक्ष्मदर्शकाखाली ते बहुधा सापडत नाहीत. क्षयाचा जंतू दुप्पट व्हायला सुमारे वीस तास घेतो, त्यामुळे प्रयोगशाळेत वाढवून पाहायचे तर कित्येक आठवडे लागतात. १९६४ च्या डॉक्टरला पाण्यातील पेशी, वाढलेली प्रथिने आणि घटलेली साखर यांवरून अंदाजच बांधावा लागे. २००४ मध्ये व्हिएतनाममधील ५४५ रुग्णांवरील चाचणीत डेक्सामेथासोन हे औषध जोडीला दिल्यास मृत्यू घटतात, पण अपंगत्व घटत नाही, असे दिसून आले. २०१० नंतर जंतूचे जनुकीय द्रव्य दोन तासांत ओळखणारी यंत्रे आली. इतके होऊनही पहिल्या अवस्थेतील रुग्ण ओळखणे हाच या रोगातील सर्वांत कठीण भाग राहिला आहे.

या पार्श्वभूमीवर मुक्तिबोधांची चरित्रे वाचावीत. फेब्रुवारी १९६४ मध्ये राजनांदगावात पक्षाघाताचा झटका, तेथून भोपाळचे हमीदिया रुग्णालय, हिंदी लेखकांची धावपळ, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापर्यंत गेलेला विषय, जूनमध्ये दिल्लीस हलविणे, दीर्घ बेशुद्धी, सप्टेंबरात अंत. हा क्रम सर्वत्र सारखाच येतो, आणि सर्वत्र आजाराचा आरंभ पक्षाघातापासून धरलेला असतो. ज्याला आपण ‘लकवा मारला’ म्हणतो तो प्रसंग नाट्यमय असतो, तारीखवार लक्षात राहतो, आणि चरित्रकाराला अध्यायाचा आरंभ म्हणून सोयीचा असतो. परंतु रोगशास्त्राच्या दृष्टीने क्षयजन्य मेनिंजायटिसमधील पक्षाघात ही आजाराची दुसरी अवस्था आहे. मेंदूच्या तळाचा स्राव साठून रक्तवाहिन्या अरुंद होईपर्यंत आजार बराच चालून आलेला असतो. चरित्र ज्या दिवशी सुरू होते त्या दिवशी औषधाचा सर्वांत उपयुक्त काळ सरलेला होता. भोपाळ आणि दिल्ली येथील धावपळ ही त्यानंतरची आहे. आणि वाङ्मयेतिहासाने लेखकांच्या त्या धावपळीला जेवढी पाने दिली त्याच्या दशांशही त्यापूर्वीच्या काळाला दिलेली नाहीत.

त्या पूर्वकाळाकडे पाहण्यासाठी साहित्याबाहेरचे एक संशोधन फार मोलाचे आहे. बंगळूरची राष्ट्रीय क्षयरोग संस्था १९५९ मध्ये सुरू झाली. तेथील समाजशास्त्रीय विभागाचे देबब्रत बॅनर्जी आणि डेन्मार्कचे स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्याच्या खेड्यांत फुप्फुसाच्या क्षयाच्या रुग्णांना विचारले, की त्यांना आपली लक्षणे जाणवली होती का आणि जाणवल्यावर त्यांनी काय केले. १९६३ मध्ये, म्हणजे मुक्तिबोधांच्या आजाराच्या आदल्याच वर्षी, जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत तो निबंध प्रसिद्ध झाला. तोपर्यंतची समजूत अशी होती, की खेडवळ माणूस अज्ञानी असतो, रोग अंगावर काढतो. निबंधाने दाखविले ते वेगळेच: बहुसंख्य रुग्णांना लक्षणांची जाणीव होती, आणि निम्म्याहून अधिक जण कोणत्या ना कोणत्या दवाखान्यात जाऊन आलेले होते. तेथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली मिळाली होती. भारताचा क्षयरोग कार्यक्रम सामान्य आरोग्यसेवेतूनच राबवावा या १९६२ च्या धोरणामागे हाच विचार उभा होता. ‘दुर्लक्षित’ हा शब्द मुक्तिबोधांच्या संदर्भात आपण वापरतो तेव्हा संपादक, प्रकाशक आणि सरकार यांचे दुर्लक्ष डोळ्यांसमोर असते. त्या काळच्या भारतात क्षयरोग्याच्या वाट्याला येणारे दुर्लक्ष अधिक साधे आणि अधिक सार्वत्रिक होते. फुप्फुसाच्या क्षयाची ही अवस्था, तर बेडक्यात सापडणारच नाही अशा मेंदूच्या क्षयाची काय असेल, हे वेगळे सांगावयास नको.

यातून एक आक्षेप उद्भवतो, तो विचारात घ्यावयास हवा. आपण कवीच्या मृत्यूचे वैद्यकीकरण करीत आहोत आणि त्यामुळे त्याचा राजकीय आशय निसटतो आहे, असे म्हटले जाईल. १९६२ मध्ये मुक्तिबोधांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली, त्या धक्क्याने ते खचले आणि तेथून प्रकृती ढासळली, ही मांडणी अनेकांनी केली आहे. बंदीचा मानसिक आघात मोठा होता यात शंका नाही. पण आघात थेट रोगाचे कारण म्हणून उभा केला, की रिच आणि मॅक्कॉर्डक यांनी दाखविलेली ती निपचित गाठ नजरेआड होते, आणि तिच्याबरोबर ती ज्या परिस्थितीत फुटते ती परिस्थितीही: अपुरे अन्न, जागरणे, दाटीचे घर, धूर. बंदीचा हुकूम एका माणसावर निघाला होता. ही परिस्थिती त्याच्या आळीतील सर्वांची होती. कोणता आशय अधिक राजकीय, हे वाचकाने ठरवावे.

धुराचा उल्लेख वर आला. मुक्तिबोधांचे बिडी पेटवितानाचे छायाचित्र हिंदी जगतात इतके प्रसिद्ध आहे, की ते जवळजवळ त्यांच्या कवितेचे बोधचिन्ह झाले आहे. २००३ मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी तमिळनाडूतील सुमारे त्रेचाळीस हजार मृत पुरुषांच्या माहितीवरून असे दाखविले, की धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत क्षयाने मृत्यू येण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आहे. त्या छायाचित्राकडे पाहताना ही संख्या आठवली तर पूजाभाव थोडा उणावेल. उणावल्याने काही बिघडत नाही.

दुसरा मोह त्यांच्या कवितेच्या संदर्भात होतो. ‘अंधेरे में’ ही दीर्घ कविता त्यांच्या मृत्यूनंतर नोव्हेंबर १९६४ मध्ये ‘कल्पना’ मासिकात आली. तिची दुःस्वप्नासारखी रचना, रात्रीची मिरवणूक, पाठलाग, तुटक दृश्ये हे सारे मेंदूच्या आजारात गेलेल्या कवीच्या नावाशी जोडून वाचण्याचा मोह सहज होतो. कालगणना त्याला आधार देत नाही. या कवितेचे लेखन १९५७ ते १९६२ या काळातले आहे. म्हणजे नागपूर आणि राजनांदगाव अशा दोन्ही ठिकाणी, आजारापूर्वी, अनेक खर्डे करून, पूर्ण जागृत बुद्धीने ती घडविलेली आहे. तसेच ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ या संग्रहनामातील चंद्राला राजयक्ष्म्याच्या चंद्राशी जोडणारा एखादा तौलनिक निबंध कोणी लिहिलाच, तर तो वाचायला मौज वाटेल. पण सिद्ध काही होणार नाही. हा संग्रह मरणोत्तर आहे, आणि मुक्तिबोधांच्या कवितेतील चंद्र गिरणीच्या धुराड्यांवर आणि संचारबंदीतल्या गल्ल्यांवर उगवणारा, शहरी आणि संशयास्पद चंद्र आहे. दक्षाच्या शापाशी त्याचा संबंध नाही.

या बाबतीत मुक्तिबोधांची स्वतःची समीक्षापद्धती आपल्याला अधिक चांगली वाट दाखविते. ‘कामायनी : एक पुनर्विचार’ हे त्यांचे पुस्तक १९६१ चे. ज्या प्रसादांच्या महाकाव्यावर ते आहे, ते प्रसाद ‘कामायनी’ प्रसिद्ध झाल्यानंतर वर्ष-दोन वर्षांत क्षयाने गेले. एवढे नाट्य हाताशी असताना मुक्तिबोधांनी त्याचा आधार घेतला नाही. त्यांनी ‘कामायनी’ला एक विशाल फँटसी मानले आणि त्या फँटसीच्या आड प्रसादकालीन समाजाचे, उगवत्या भांडवली सभ्यतेचे, कोणते वास्तव उभे आहे याचा शोध घेतला. कवीच्या रोगातून कविता उलगडण्याऐवजी कवितेतून काळ उलगडणे, अशी ही पद्धत. तीच त्यांच्या मृत्यूला लावली तर प्रश्न असा होतो: राजनांदगावातील एका प्राध्यापकाच्या आजारातून १९६४ च्या भारताविषयी काय वाचता येते?

येथे मराठीचा एक वेगळा अनुभव थोडक्यात नोंदवावासा वाटतो. क्षयाच्या जंतूचा जवळचा भाऊबंद म्हणजे कुष्ठरोगाचा जंतू. नॉर्वेच्या हान्सेनने तो १८७३ मध्ये पाहिला. कुष्ठरोगाभोवती मराठीत एक समृद्ध वाङ्मय उभे राहिले आहे. अमरावतीचे तपोवन, वरोऱ्याचे आनंदवन, सेवाग्रामात गांधीजींनी ज्यांची शुश्रूषा केली ते परचुरेशास्त्री, ही नावे मराठी वाचकाला घरची आहेत. छत्तीसगडातही चांपा आणि बैतलपूर येथील कुष्ठसेवा केंद्रांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. प्रयोगशाळेतही मराठी माणसे मागे नव्हती: मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात बापट, कमल रणदिवे आणि व. रा. खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळालेला, त्याच कुळातला एक जंतू वाढविल्याचे १९५८ मध्ये जाहीर केले. त्यापासून केलेल्या लसीने दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत सुमारे पासष्ट टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयाला असा सांस्कृतिक वारसा मिळाला नाही. कुष्ठरोग अंगावर दिसतो, म्हणून तो समाजाच्या करुणेला आवाहन करतो; क्षय लपविता येतो, आणि घरोघर तो लपविला गेला. मराठी कुटुंबांत ‘त्याची छाती नाजूक होती’ एवढ्यावर एकेका माणसाचे चरित्र संपलेले आढळते.

मुक्तिबोधांच्या परिसरातून पुढे आलेले संशोधन मात्र या विषयाला वेगळे वळण देते. त्याआधी मद्रासची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयचिकित्सा केंद्र स्थापन झाले आणि वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली एक धाडसी तुलना करण्यात आली: काही रुग्ण आरोग्यधामात, चांगला आहार आणि पूर्ण विश्रांती देऊन, काही रुग्ण आपल्याच कोंदट घरी, आपल्याच अपुऱ्या अन्नावर. औषधे दोघांना तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष आले, आणि दोन्ही गटांतील गुण जवळपास सारखा होता; घरातील माणसांना संसर्गाचा धोकाही वाढलेला नव्हता. या एका प्रयोगाने जगभरच्या आरोग्यधामांचे युग संपविले. त्याचा दुसरा परिणाम असा झाला, की अन्नाचा प्रश्न क्षयविज्ञानाच्या मध्यभागातून कडेला सरकला. औषधाने बरे होते, मग आहाराचे काय एवढे, अशी वृत्ती बळावली. मद्रासच्या संशोधकांनी असे म्हटले नव्हते. एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला लावले गेले. वाङ्मयेतिहासात जसे घडते तसेच.

हा प्रश्न पुन्हा मध्यभागी आणला तो छत्तीसगडातील बिलासपूरजवळच्या गनियारी या खेड्याने. दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे जेथे मुक्तिबोधांनी अखेरचा श्वास घेतला तेथेच, शिकलेल्या काही डॉक्टरांनी या शतकाच्या आरंभी तेथे जन स्वास्थ्य सहयोगाचे काम उभे केले. २००४ ते २००९ या काळात तेथे आलेल्या फुप्फुसक्षयाच्या १६९५ प्रौढ रुग्णांच्या नोंदी अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केल्या. निदानाच्या वेळी पुरुषांचे मध्यम वजन ४२.१ किलो होते, स्त्रियांचे ३४.१ किलो. जे अतिकृश होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक होते. चौतीस किलो म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या सुदृढ मुलीचे वजन. पुढे याच संशोधकांनी झारखंडात क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातील माणसे यांना दरमहा धान्य, डाळ आणि पूरक आहार देऊन पाहिला. १०,३४५ कुटुंबीयांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले: पूरक आहार मिळालेल्या घरांत नव्या क्षयरुग्णांचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले, आणि उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन वाढले त्यांच्यात मृत्यू पुष्कळ घटले. ज्या प्रदेशात मुक्तिबोध आजारी पडले, त्याच प्रदेशाच्या नोंदींतून सुरू झालेला हा शोध आहे.

मुक्तिबोधांचे चरित्र या दिशेने पुन्हा वाचण्यासाठी साधने उपलब्ध आहेत. नेमिचंद्र जैन यांनी संपादित केलेली सहा खंडांची ‘मुक्तिबोध रचनावली’ १९८० मध्ये आली. जैन आणि मुक्तिबोध यांचा पत्रव्यवहार ‘पाया पत्र तुम्हारा’ या नावाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध आहे. या पत्रांतील पैशाची ओढाताण, घरातली आजारपणे, कामाचा शीण यांकडे आजवर कवीच्या मनःस्थितीचे पुरावे म्हणून पाहिले गेले. त्यांच्याकडे शरीराचे पुरावे म्हणून पाहता येईल. राजनांदगावच्या वर्षांतील लिखाणात ताप, डोकेदुखी, भूक न लागणे, वजन उतरणे, झोप न येणे यांचे उल्लेख कोठे कोठे आहेत. ते कोणत्या महिन्यापासून दाट होतात. त्या वेळी कोणते औषध चालू होते. घरात आणखी कोणाला दीर्घ खोकला होता काय. शरच्चंद्र मुक्तिबोधांचा मराठीतील पत्रव्यवहार आणि नागपूरच्या मित्रमंडळींच्या आठवणी याच प्रश्नांच्या दृष्टीने चाळल्या पाहिजेत, आणि हे काम मराठी जाणणाऱ्या अभ्यासकाला हिंदीच्या अभ्यासकापेक्षा अधिक सुकर आहे. फेब्रुवारी १९६४ पूर्वीचे हे महिने प्रथम लिहून काढावे लागतील; भोपाळ आणि दिल्लीची प्रकरणे त्यानंतर येतील.